पारितोषिकाचे आडाखे



मृगाचे नक्षत्र जवळ आले की मराठवाड्यातील शेतकरी पंचांग उघडून नक्षत्राचे वाहन पाहतो. बेडूक, म्हैस, हत्ती ही भरपूर पाण्याची वाहने. कोल्हा आणि मेंढा ही कमी पाण्याची. पंचांग मिटल्यावर तो सभोवारच्या सृष्टीकडे पाहतो. कावळ्याने घरटे आंब्यावर किंवा करंजावर बांधले तर पाऊस बरा, बाभळीसारख्या काटेरी झाडावर बांधले तर ओढीचा, असा त्याचा पिढीजात ठोकताळा आहे. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार हे सिंदफणेच्या काठचे तालुक्याचे गाव. या अवर्षणाच्या मुलखात आडाखा ही करमणूक नव्हे. पेरणी कधी करावी, बियाणे कोणते घ्यावे, आणि ते साधले नाही तर ऊसतोडीसाठी बिऱ्हाड केव्हा हलवावे, हे सारे त्यावर अवलंबून असते.

आज ज्या आडाख्यांविषयी मी बोलणार आहे, ते या मानाने फार चैनीचे वाटतील. दरवर्षी हिवाळा सरत आला की वर्तमानपत्रांतून एक प्रश्न विचारला जाऊ लागतो: यंदाचे ऑस्कर कोणत्या ॲनिमेशनपटास मिळणार? ॲनिमेशनपट म्हणजे चित्रांना किंवा बाहुल्यांना हालचाल देऊन केलेला चित्रपट. आपल्याकडे त्याला व्यंगपट म्हणत, सचेतनपट असाही एक शब्द आहे. हा प्रश्न काही केवळ हौशी लोकांचा नाही. घरातील मुलांनी सुटीत कोणता चित्रपट पाहावा, हे आता पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत अशा भाकितांवरून आणि निकालांवरून ठरते. म्हणून ही भाकिते कशी केली जातात, ती कितपत खरी ठरतात, आणि त्यांवर किती विसंबावे, हे पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रारंभीच एक भेद ध्यानात घेऊ. ढग पंचांग वाचीत नाहीत. वाहन बेडूक असो वा कोल्हा, मेघ आपल्या मार्गाने जातात. पारितोषिकाचे परीक्षक मात्र वर्तमानपत्रे वाचतात. आपल्याविषयी केलेले भाकीत त्यांच्या कानी पडते, आणि कोणता चित्रपट आधी पाहावा, कोणता बाजूला ठेवावा, हे ते कित्येकदा त्यावरून ठरवितात. सृष्टीविषयीचे भाकीत आणि मनुष्याविषयीचे भाकीत यांत हा मूलभूत फरक आहे, आणि आजच्या विषयाचे मर्म त्यातच आहे.

आता थोडा इतिहास. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकन अकादमीने छोट्या व्यंगपटांसाठी १९३२ साली पारितोषिक सुरू केले. पहिला मान वॉल्ट डिस्ने यांच्या ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ या रंगीत पटास मिळाला, आणि त्यासह ओळीने आठ वेळा हे पारितोषिक डिस्ने यांच्याच घरी गेले. त्या काळी भाकितासाठी विद्वत्तेची गरज नव्हती. ‘डिस्ने’ एवढा एक शब्द पुरे होता. १९४१ च्या समारंभात ही परंपरा तुटली आणि ‘द मिल्की वे’ या मांजरीच्या पिल्लांच्या चित्रास मान मिळाला. परंतु त्या वर्षी डिस्ने यांचे एकही चित्र नामांकनात नव्हते. सोपा आडाखा चुकतो तो बहुधा असा: ज्यावर तो आधारलेला असतो ती गोष्टच मैदानात उरत नाही.

पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटासाठी स्वतंत्र पारितोषिक मात्र फार उशिरा, २००२ सालच्या समारंभात सुरू झाले. पहिला विजेता ‘श्रेक’, दुसरा जपानचा ‘स्पिरिटेड अवे’. यापुढे मी जी वर्षे सांगेन ती समारंभाची होत. चित्रपट साधारणतः त्याच्या आदल्या वर्षीचे असतात. २००२ ते २०२५ या काळात असे चोवीस निकाल लागले. भाकीत करणाऱ्याची खरी सामग्री हे चोवीस निकाल आहेत, आणि त्यांतून काय निघते ते आपण पाहू.

पहिला आडाखा निर्मितीसंस्थेच्या नावाचा. गावच्या यात्रेत कुस्तीचा फड भरतो, तेव्हा दोन अनोळखी पैलवान समोर आले तर जाणते प्रेक्षक प्रथम विचारतात, हा कोणत्या तालमीचा? येथेही तसेच आहे. चोवीसांपैकी अकरा पारितोषिके एकट्या ‘पिक्सार’ या संस्थेने मिळविली, आणि चार डिस्नेच्या स्वतःच्या चित्रशाळेने. २००६ साली डिस्नेने पिक्सार विकत घेतली, तेव्हा एका छत्राखाली आलेल्या या दोन तालमींकडे चोवीसांपैकी पंधरा कुस्त्या गेल्या. नामांकनात सामान्यतः पाच चित्रपट असतात. डोळे मिटून एकावर बोट ठेवले तर यशाची शक्यता शंभरात वीस. नुसते तालमीचे नाव पाहिल्याने ती कितीतरी वाढते. तथापि हा आडाखा दोन ठिकाणी लंगडा आहे. एकाच वर्षी दोन्ही तालमींचे पैलवान उतरले तर तो मुका होतो. शिवाय २०२३, २०२४ आणि २०२५ या लागोपाठच्या तीन वर्षी दोहोंपैकी एकीलाही यश आले नाही. ‘पिनोकियो’, ‘द बॉय अँड द हेरॉन’ आणि ‘फ्लो’ हे त्या वर्षांचे विजेते या तालमींबाहेरचे होते.

दुसरा आडाखा जाणकारांच्या मताचा. ॲनिमेशनच्या धंद्यातील मंडळी ‘ॲनी’ नावाचे आपले स्वतंत्र पारितोषिक देतात. ज्यांनी जन्मभर चित्रे हलविली, त्यांचा कौल सर्वांत विश्वसनीय असावा, असे कोणासही वाटेल. परंतु हिशेब पाहिला तर चोवीस वर्षांत ‘ॲनी’चा सर्वोत्तम चित्रपट आणि ऑस्करचा विजेता पंधरा वेळा एक निघाला, नऊ वेळा निराळा. २०२५ साली ‘द वाइल्ड रोबोट’ या चित्रपटाने नऊ ॲनी पारितोषिके मिळविली. ऑस्कर मात्र ‘फ्लो’ला मिळाले. याचे कारण जाणकार चुकतात हे नव्हे. ऑस्करचे अंतिम मत केवळ ॲनिमेशनवाले देत नाहीत. नट, लेखक, संगीतकार, वेशभूषाकार असे सर्व शाखांचे हजारो सभासद ते देतात. गवयांच्या बैठकीत कोण गाजला यावरून खुल्या मैदानातील जलशात कोणाला टाळ्या पडतील हे सांगता येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

तिसरा आडाखा मला सर्वांत उद्बोधक वाटतो. ऑस्करच्या आधी दोन मोठे निकाल लागतात. एक गोल्डन ग्लोब, जे मुख्यतः पत्रकारांच्या मतांनी दिले जाते. दुसरे ब्रिटिश अकादमीचे, ज्याला बाफ्टा म्हणतात. ॲनिमेशनपटाचे पारितोषिक ही दोन्ही २००७ पासून देत आली आहेत. २००७ ते २०२५ या एकोणीस वर्षांत गोल्डन ग्लोबचा कौल ऑस्करशी पंधरा वेळा जुळला, आणि बाफ्टाचाही पंधरा वेळाच. येथवर दोघांची बरोबरी. परंतु दोन्ही कौल एकत्र ठेवले तर चित्र पालटते. एकोणीसांपैकी तेरा वर्षी ग्लोब आणि बाफ्टा यांनी एकाच चित्रपटास निवडले, आणि त्या तेराही वर्षी ऑस्कर त्याच चित्रपटास मिळाले. ‘रॅटटुई’, ‘अप’, ‘फ्रोझन’, ‘कोको’, ‘सोल’ ही त्यांतील काही नावे. उरलेल्या सहा वर्षी दोघांत मतभेद होता. त्यांतून दोनदा ग्लोब बरोबर ठरला: २०१७ साली ‘झूटोपिया’ आणि २०२५ साली ‘फ्लो’. दोनदा बाफ्टा बरोबर ठरला: २००७ साली ‘हॅपी फीट’ आणि २०१२ साली ‘रँगो’. आणि दोनदा दोघेही चुकले: २०१५ साली ‘बिग हीरो सिक्स’ आणि २०२० साली ‘टॉय स्टोरी’चा चौथा भाग विजयी झाला. मतभेदाच्या वर्षी, म्हणजे, नाणे उडविण्यापलीकडे फारसा मार्ग उरत नाही.

तेरापैकी तेरा हा आकडा ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. तेरा वेळा खरा ठरलेला नियम हा ज्याचा पहिला अपवाद अद्याप घडावयाचा आहे असा नियम असू शकतो. कावळ्याच्या घरट्याचा ठोकताळाही सलग काही वर्षे जुळला की लोक त्याला शास्त्र म्हणू लागतात. पण दोन्हींत एक अंतर आहे. घरट्याचा पावसाशी संबंध कसा हे उलगडून सांगणे कठीण. या दोन कौलांचा तिसऱ्याशी संबंध का, हे सांगता येते. पहिले कारण, ब्रिटिश अकादमीचे काही सभासद अमेरिकन अकादमीचेही सभासद असतात. तेच हात दोन ठिकाणी वर होतात. दुसरे कारण, निराळ्या देशांतील, निराळ्या व्यवसायांतील दोन समुदायांना जो चित्रपट आवडला, तो तिसऱ्या मिश्र समुदायालाही आवडण्याचा संभव अधिक. आणि तिसरे कारण मी आरंभी सूचित केले तेच: आधीचे निकाल नंतरच्या मतदारांच्या कानी पडतात. ज्याला पाचही चित्रपट पाहण्यास सवड नसे, तो गाजलेला एक पाही, आणि जो पाहिला त्यालाच मत देई.

चांगले भाकीत कसे असावे, याविषयी दोन शब्द सांगतो. ‘अमुकच जिंकणार’ असे छातीठोकपणे सांगणारा मनुष्य भविष्यवेत्ता नव्हे, तो केवळ धीट असतो. विचारी मनुष्य म्हणतो, ‘याची शक्यता मला शंभरात सत्तर वाटते.’ आता अशी सत्तराची दहा भाकिते त्याने केली, तर त्यांतील सुमारे तीन चुकलीच पाहिजेत. दहाही खरी ठरली तर तो आपल्या ज्ञानाला भीत होता असे समजावे; पाचच खरी ठरली तर तो फुशारकी मारीत होता. भाकिताची परीक्षा एका निकालावरून होत नाही, अनेक निकालांच्या वहीवरून होते. ज्यांच्या घरी मुले वाढत आहेत त्यांनी ही वही जरूर घालावी. गणिताच्या पुस्तकातील संभाव्यतेपेक्षा ती अधिक गोडीने शिकली जाईल.

येथवर झाली कोण जिंकेल याची चर्चा. परंतु कोण जिंकेल आणि कोण सरस आहे, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. २०१५ साली नामांकनात इसाओ ताकाहाता यांचा ‘राजकन्या कागुया’ हा जपानी चित्रपट होता. बांबूच्या पेरात सापडलेल्या मुलीची ती जुनी लोककथा कुंचल्याच्या मोकळ्या रेषांनी आणि जलरंगांच्या पुसट छटांनी रेखाटलेली आहे. पारितोषिक त्याला मिळाले नाही. म्हणून ते चित्र उणे ठरते काय? मुळीच नाही. एवढेच कळते की त्या वर्षी हजारो मतदारांतील बहुसंख्यांनी दुसरे नाव निवडले. निकाल हे परीक्षकांविषयीचे विधान असते. चित्राविषयीचे विधान प्रत्येकाने स्वतः पाहूनच करावयाचे असते.

आता आपल्या घराकडे वळू. ॲनिमेशन ही कला आपल्याकडे परकी नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वीच, १९१२ च्या सुमारास, कुंडीतील वाटाण्याच्या रोपाचे रोज थोडे थोडे चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा पट सिद्ध केला होता. १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा पट केला; काड्या एकेका चित्रागणिक किंचित सरकवून त्यांच्यात जीव ओतला. १९३४ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने ‘जंबू काका’ हा छोटा व्यंगपट काढला. पुढे १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी विजया मुळे यांनी ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट केला. त्याची चित्रे भीमसेन यांनी हलविली. शैक्षणिक चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले. पण त्याचा खरा मान वेगळाच. दूरदर्शनने तो वारंवार दाखविल्यामुळे ज्या पिढीने तो पाहिला, तिला चिमण्यांनी मिळून जाळे उचलण्याची ती गोष्ट अद्याप तोंडपाठ आहे.

ऑस्करच्या उंबरठ्याशी गेलेले मुंबईचे एक उदाहरण आहे. सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत शिकलेल्या गीतांजली राव यांनी २००६ साली ‘प्रिंटेड रेनबो’ हा पंधरा मिनिटांचा लघुपट पूर्ण केला. एक एकाकी वृद्धा, तिची मांजर आणि काड्यापेट्यांवरील रंगीत चित्रे, एवढाच त्याचा संसार. त्या चित्रांत शिरून ती आपल्या करड्या खोलीबाहेरच्या जगात हिंडून येते. फाळक्यांनी काड्या नाचविल्या आणि नव्वद वर्षांनी मुंबईनगरीतील एका चित्रकर्तीने काड्यापेटीचे झाकण उघडले, हा योगायोग मनोहर आहे. चित्रपटात सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात. पंधरा मिनिटांची ती एकवीस हजार सहाशे होतात. एकेक चित्र दोनदा वापरले तरी दहा हजारांवर उरतातच. हाताने रंगविणाऱ्याच्या दृष्टीने या संख्येचा अर्थ काय, हे निराळे सांगावयास नको.

हा लघुपट २००६ साली कान येथील महोत्सवाच्या समीक्षक-सप्ताहात दाखविला गेला आणि तेथे त्याने तीन पारितोषिके मिळविली. पुढे २००८ च्या ऑस्करसाठी लघुपटांच्या विभागात शेवटच्या दहांत त्याची निवड झाली; परंतु नामांकनाच्या पाचांत तो आला नाही. त्या वर्षीचे पारितोषिक ‘पीटर अँड द वुल्फ’ या बाहुलीपटास मिळाले. येथे आपल्या वृत्तपत्रांच्या एका सवयीचा उल्लेख केला पाहिजे. पारितोषिकाच्या वाटेवर चार निरनिराळे टप्पे असतात. पहिला पात्रतेचा, ठरलेल्या रीतीने प्रदर्शन किंवा मान्य महोत्सवातील विजय झाला की चित्र केवळ विचारात घेतले जाते. दुसरा निवडक यादीचा. हा लघुपटांना असतो. तिसरा नामांकनाचा. चौथा विजयाचा. पहिल्या टप्प्यावर पाऊल ठेवताच ‘भारतीय चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत’ असा मथळा झळकतो, आणि वाचक समजतो की आता सुवर्णमूर्ती हाती आलीच. २०२५ च्या नोव्हेंबरात ॲनिमेशनपटांची पात्रतायादी जाहीर झाली, तिच्यात पस्तीस नावे होती व ‘महावतार नरसिंह’ हे आपल्याकडील नावही होते. पस्तीसांत असणे मानाचे खरे. पण पस्तीसांत आणि पाचांत केवढे अंतर आहे, हे भाकीत करणाऱ्याने विसरता कामा नये.

मग अशा चित्रांना अडते कोठे? गुणांत? माझ्या मते बहुधा दृष्टिपथात. २०१८ च्या समारंभापासून नामांकनाचे मतदानही सर्व शाखांच्या इच्छुक सभासदांना खुले झाले. त्यापूर्वी हे काम एका समितीकडे असे आणि तीत ॲनिमेशन जाणणारे पुष्कळ असत. मतदार वाढले, तसे प्रत्येकाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचण्याचे मोलही वाढले. मोठ्या संस्था खास खेळ करतात, जाहिराती देतात, मुलाखती घडवून आणतात. भाकीत करणारा ही धामधूम पाहतो व म्हणतो, ‘याची बाजू बळकट दिसते.’ मतदार ते भाकीत वाचतो आणि प्रथम तेच चित्र लावतो. भाकिताने स्वतःलाच खरे करण्यास अशा रीतीने हातभार लावला. ज्याचे नाव कोणाच्याच भाकितात नाही, ते चित्र न पाहताच हरते. अकादमीलाही ही उणीव जाणवली असावी. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिने असा नियम जाहीर केला की २०२६ च्या समारंभापासून ज्या विभागात अंतिम मत द्यावयाचे, त्यातील सर्व नामांकित चित्रे सभासदाने पाहिलेली असली पाहिजेत. ज्यांचे नावच परीक्षकाचे, त्यांना ‘आधी पाहा, मग निवाडा द्या’ असे नियम करून सांगावे लागले, यातच सर्व आले.

परंतु वाट अगदी बंद नाही, हे ‘फ्लो’ने दाखविले. लाटव्हियासारख्या लहान देशातील गिंट्स झिल्बालोडिस या तरुण दिग्दर्शकाचे हे चित्र. त्यात एकही संवाद नाही. पुरात सापडलेले एक मांजर आणि तिच्या नावेतील इतर प्राणी एवढीच पात्रे. खर्च सुमारे पस्तीस लाख युरो, म्हणजे मोठ्या अमेरिकन चित्रांच्या मानाने अगदीच किरकोळ. आणि काम केले ते ब्लेंडर नावाच्या, कोणासही विनामूल्य मिळणाऱ्या संगणक-साधनावर. २०२४ च्या मे महिन्यात ते कान येथे दाखविले गेले आणि त्यानंतर गावोगावच्या महोत्सवांतून हळूहळू पाहिले गेले. मोठ्या जाहिरातीने जे झाले नसते, ते पाहणाऱ्यांच्या तोंडी वाखाणणीने झाले. लाटव्हियास मिळालेले हे पहिले ऑस्कर. त्याला भाषेची अडचण नव्हती. पण तितकेच महत्त्वाचे हे की ते निकालाच्या दहा महिने आधीपासून लोकांच्या डोळ्यांपुढे होते.

याच संदर्भात आपल्याकडील ताजे उदाहरण सांगतो. फ्रान्समधील आनसी येथे ॲनिमेशनचा जगप्रसिद्ध महोत्सव भरतो. २०२५ साली तेथे ‘देसी ऊन’ या लघुपटास मागणीवरून केलेल्या चित्रांच्या विभागात परीक्षकांचे पारितोषिक मिळाले. तो मुंबईच्या स्टुडिओ इक्सॉरसमध्ये सुरेश एरियाट यांनी केला. विषय आहे दख्खनी मेंढी, तिची राठ लोकर आणि ती पाळणारे मेंढपाळ. आणि त्यातील सृष्टी त्याच लोकरीतून उभी करून, एकेका चित्रागणिक हलवून टिपलेली आहे. ज्या दख्खनच्या पठारावर शिरूर कासार आहे, त्याच पठाराची ही मेंढी. तिच्या लोकरीची घोंगडी पांघरून तेथल्या पिढ्यांनी पावसाळे काढले. आज त्या लोकरीस गिऱ्हाईक मिळणे कठीण झाले आहे. घोंगडीचा प्रश्न फ्रान्समधील परीक्षकांना समजला. तो आपल्या पुण्या-मुंबईच्या घरांतून किती जणांना ठाऊक आहे? आणि ज्यांची ही कथा, त्या धनगरवाड्यांवरील मुलांनी तो लघुपट पाहावा, यासाठी आपण काय करतो?

या प्रश्नापाशी आले म्हणजे पारितोषिकांचे भाकीत हा निव्वळ खेळ राहत नाही. ऊसतोडीच्या कोपीत आईवडिलांबरोबर राहणारे बीडकडचे मूल आज मोबाइलवर चित्रे पाहते. त्याच्या डोळ्यांपुढे काय येते, हे पुष्कळसे गाजावाजावरून ठरते. ज्याचा गाजावाजा झाला ते पोहोचते. ज्याचा झाला नाही ते, घरच्या मेंढीचे असले तरी, पोहोचत नाही. ‘एक अनेक और एकता’ पोहोचला तो जगातील कोणी परीक्षकांनी त्याचे भाकीत केले म्हणून नव्हे; कोणीतरी तो पुन्हा पुन्हा दाखविण्याची व्यवस्था केली म्हणून. परीक्षकांच्या मताला आपण वळण देऊ शकत नाही. दाखविण्याची व्यवस्था मात्र शाळा, वाचनालये, गणेशोत्सवाची मंडळे, सारेच करू शकतात. पंधरा मिनिटांच्या चित्रास एक पडदा आणि एक संध्याकाळ एवढेच लागते.

म्हणून माझी सूचना अशी. पुढील वेळी नामांकने जाहीर होतील तेव्हा घरातील प्रत्येकाने आपला अंदाज, शक्यतेच्या आकड्यासह, चिठ्ठीवर लिहून ठेवावा. तालीम कोणती, ग्लोब आणि बाफ्टा यांचे एकमत आहे की नाही, हे अवश्य पाहावे. ही खूण फार कामाची आहे. पण निकालापूर्वी, शक्य तितकी चित्रे पाहून, दुसरी एक चिठ्ठी लिहावी, आणि तिच्यात एकच गोष्ट असावी: मला स्वतःला कोणते चित्र आवडले आणि का. पहिल्या चिठ्ठीची परीक्षा समारंभाच्या रात्री होईल. दुसरीची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणत्याही अकादमीस नाही. दोन्ही चिठ्ठ्यांवरील नावे एक असतील तर आनंदच आहे; निराळी असतील तर, विशेषतः लहान मुलाच्या बाबतीत, त्या निराळेपणाची कारणे शांतपणे ऐकून घ्यावीत. रसिकतेचे शिक्षण तेथूनच सुरू होते. आणि त्या दुसऱ्या चिठ्ठीवर परदेशी चित्रांच्या शेजारी काड्यापेटीतल्या त्या वृद्धेस आणि लोकरीच्या त्या मेंढीस उभे राहावयास जागा मिळाली, तर आपल्या चित्रकारांना याहून मोठे उत्तेजन दुसरे मिळणार नाही.